लेबल जुनं, पण कान कुठाय?

प्रश्न : माझी बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. येताना तिने तिकडच्या दुकानातून ब्लू नोट कंपनीची जॅझची एक रेकॉर्ड आणली, १२० डॉलर मोजून. दुकानदार म्हणाला ओरिजिनल आहे, फर्स्ट प्रेस, म्हणजे पहिल्या खेपेची. लेबल निळं-पांढरं, त्यावर 'न्यू यॉर्क यूएसए' छापलंय. पण आमच्यातला एक मित्र म्हणतो 'कान' नाही म्हणजे ओरिजिनल नाही. हा कान काय प्रकार आहे? फसलो का आम्ही? – एक वाचक, पुणे

उत्तर : थोडेसे फसलात, पण बहिणीला बोलू नका, चांगले मुरलेले लोक पण इथेच आपटतात.

रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. गाण्याची खाच संपते तिथपासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते ना, तिला डेड वॅक्स म्हणतात, तिथे नंबर कोरलेले दिसतील आणि 'व्हॅन गेल्डर' किंवा 'आरव्हीजी' असा शिक्का (रेकॉर्डिंग करणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरचा) दिसायला हवा. त्याच पट्टीत कुठेतरी माणसाच्या कानासारखं एक बारकं वळण असतं, तोच कान. खरं तर तो वळणदार इंग्रजी 'पी' आहे, प्लास्टीलाइट नावाच्या कारखान्याची खूण, कारण ब्लू नोटच्या रेकॉर्डी १९६६ पर्यंत तिथे बनायच्या. मग लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतली आणि काम दुसऱ्या कारखान्यांत गेलं, पण आधीची छापलेली लेबलं उरली होती, ती टाकून कशाला द्यायची म्हणून नव्या मालावर तीच लावली. म्हणून लेबल जुनं, कान गायब.

अजून एक, अल्बम कुठल्या सालचा ते तुम्ही लिहिलंच नाहीये. 'न्यू यॉर्क यूएसए' हे लेबल साधारण १९६२ पासूनचं, त्यामुळे अल्बम १९५८ चा वगैरे असेल तर कान असता तरी ती पहिली खेप नव्हे, पहिल्या खेपेवर '४७ वेस्ट ६३' असा पत्ता पाहिजे.

आता गोड बातमी. व्हॅन गेल्डरचा शिक्का असेल तर रेकॉर्ड विकू नका! म्हणजे मूळ कटिंग, साच्यासाठी खाच कोरण्याचं काम, रूडी व्हॅन गेल्डरनेच केलेलं, आवाज जवळपास तोच, फक्त भाव कमी. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि बाकी वेळात हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझवाल्यांना बसवून रेकॉर्डिंग करायचा, १९५९ पर्यंत असंच चाललं, मग एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. दोन्ही गावं तुमच्या बहिणीच्याच राज्यातली.

पुढच्या वेळी दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्सचे फोटो आधी मागवा. मी एकदा नुसतं कव्हर आणि लेबल बघून पैसे पाठवले होते, पार्सल उघडलं तर कान नाही, विकणारा म्हणतो मी कानाचं कुठे बोललो होतो. बरोबरच होतं त्याचं!

प्रश्न : सोल संगीताच्या एका छोट्या ४५ ला (मिनिटाला ४५ फेरे घेणारी रेकॉर्ड) लाखो रुपये कोण देतं हो? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इंग्लंडच्या उत्तरेकडचे लोक. विगन कसिनो नावाचा एक क्लब होता, १९७३ ते १९८१, तिथे रात्रभर नाच चालायचा आणि डीजेंना हवी असायची ती अमेरिकेत साठच्या दशकात सपशेल आपटलेली गाणी, जितकं अनोळखी तितकं भारी. दुसऱ्या डीजेला नाव कळू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवून खोटं नाव लिहायचे. सगळ्यात गाजलेली म्हणजे फ्रँक विल्सनची १९६५ ची ४५, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या 'सोल' लेबलची. ती बाजारात नीट आलीच नाही, बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या आणि २००९ मध्ये एक २५ हजार पौंडांच्या वर गेली. विल्सन स्वतः तोवर गाणं सोडून मोटाउनचा नावाजलेला प्रोड्यूसर होऊन गेला होता.