सभा तहकूब, बरखास्त की विसर्जित?

प्रश्न आला आहे राजापूर तालुक्यातून. ग्रामसभेला पुरेशी माणसं जमली नाहीत. प्रोसिडिंगमध्ये एकाला 'सभा बरखास्त' लिहायचं होतं, दुसऱ्याला 'तहकूब'. बरोबर काय? आणि विधानसभा 'बरखास्त' होते ती अशीच का?

'तहकूब'च लिहावं.

'बरखास्त' फारसीतला. मूळ अर्थ 'उठला'. दरबार बरखास्त झाला म्हणजे मंडळी बसल्या जागेवरून उठली, एवढंच. दरबार उद्या पुन्हा भरायचाच. त्या जुन्या अर्थाने 'सभा बरखास्त' म्हणणारा चुकत नाही. पण पुढे नोकर बरखास्त होऊ लागले, सरकारं बरखास्त होऊ लागली, आणि शब्दाला कायमचं घालवून देण्याचा अर्थ चिकटला. आज वाचणारा यातला कुठला अर्थ घेईल याचा नेम नाही, म्हणून इतिवृत्तात हा शब्द नको.

'तहकूब' म्हणजे काम राहिलंय, ते पुढच्या तारखेला घ्यायचंय. (लिहिताना तहकूबमधला 'कू' दीर्घ, तहकुबीतला 'कु' ऱ्हस्व.) ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे आपला कोरम, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. 500 मतदार असतील तर 75 माणसं, 1,200 असतील तर 100. तेवढी नसली की सभा तहकूब होते. तहकूब होऊन पुढच्या तारखेला भरलेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही, मात्र तिथे विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय घेता येत नाही. म्हणून हजर माणसांचा आकडा टाकून सरळ लिहावं : 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली.' इथे 'बरखास्त' पडलं की पुढची सभा तहकूब धरायची की नवी, हा वाद उभा राहतो. नवी धरली तर गणपूर्ती पुन्हा लागणार, आणि तिथे समजा 40 माणसांत पाखाडीचा, म्हणजे पायवाटेचा, ठराव झाला असेल तर तो लटकणार.

शिवाय आजच्या अर्थाने ग्रामसभा बरखास्त होऊच शकत नाही. राज्यघटनेच्या 243 व्या अनुच्छेदाप्रमाणे ग्रामसभा म्हणजे मतदार यादीत नाव असलेले गावचे लोक. त्यांना कोण घालवणार? बरखास्त होते ती ग्रामपंचायत, आणि मग 6 महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते.

विधानसभेत याच्या तीन पायऱ्या आहेत. बैठक तहकूब करतात अध्यक्ष. अधिवेशन संस्थगित करतात राज्यपाल. घटनेच्या मराठी पाठात यालाच 'सत्रसमाप्ती' म्हटलंय. विसर्जनाचा आदेशही राज्यपालांचाच, अनुच्छेद 174 खाली. पहिल्या दोहोंतला फरक बातम्यांत हमखास पुसला जातो, पण तो वजनदार आहे. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असताना राज्यपालांना अध्यादेश काढता येत नाही, आणि सभागृह नुसतं तहकूब असेल तर अधिवेशन चालूच असतं. संस्थगित झालं की ती वाट मोकळी होते. प्रलंबित विधेयकं मात्र संस्थगित झाल्याने मरत नाहीत.

विसर्जनाने मरतात. कोकणात हा शब्द कुणाला समजावायला नको. मूर्ती पाण्यात जाते, पाट घरी येतो, आणि पुढच्या वर्षी तोच पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, नव्या मूर्तीसाठी जातो. विधानसभेचं अगदी तसंच. सगळ्यांची आमदारकी एकदम जाते, अध्यक्ष तेवढे पाटासारखे मागे राहतात : नव्या विधानसभेची पहिली बैठक भरेपर्यंत ते पद सोडत नाहीत. म्हणून मला 'बरखास्त'पेक्षा घटनेतला 'विसर्जित' हाच शब्द नेमका वाटतो. त्यात पुन्हा बसवण्याची गोष्ट गृहीत आहे.

विधानसभेत अडकलेली, तसंच तिने मंजूर करून विधान परिषदेकडे पाठवलेली विधेयकं विसर्जनाबरोबर जातात. परिषदेतच मांडलेलं आणि विधानसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक मात्र तगून राहतं. 'विधिमंडळ बरखास्त' असा मथळा दिसला तर तो दोन्ही शब्दांत चुकलेला समजावा, कारण विधान परिषद विसर्जित होत नाही. तिचे साधारण एक तृतीयांश सदस्य दर 2 वर्षांनी निवृत्त होतात.