दोन औषधं चालू, तरी रात्री चारदा उठणं

प्रश्न : वय ६८. एसटीचा निवृत्त चालक आहे. प्रोस्टेट वाढल्यामुळे तीन महिन्यांपासून टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली कॅप्सूल घेतो. धार सुधारली, पण रात्री पाचदा उठायचो तो आता चारदा उठतो. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू आहे, संध्याकाळी पाय सुजतात. मेव्हणे त्यांची सोलिफेनासिनची, म्हणजे लघवीची घाई कमी करणारी गोळी मलाही घ्यायला सांगतात. घेऊ का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मेव्हण्यांची गोळी घेऊ नका. कॅप्सूल मात्र बंद करू नका.

तिच्यातली दोन औषधं वेगवेगळ्या चालीची आहेत. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी आवळलेले स्नायू सैल करतं. तुमची धार सुधारली ती बहुतेक त्यामुळेच. ड्युटास्टेराइड हळूहळू ग्रंथीच आक्रसवतं, त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. पुढे लघवी अडकण्याचा आणि ऑपरेशनचा धोका त्यानं कमी होतो, म्हणून ही जोडी देतात. पण रात्रीचं उठणं तिनं बहुधा थोडंच कमी होतं. वाट मोकळी झाली तरी मूत्रपिंडं रात्री जितकी लघवी तयार करतात तितकी करतच राहतात.

म्हणून आधी मोजा. मेडिकलमधून मापाचं प्लास्टिकचं भांडं आणा आणि तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी वेळेसह वहीत लिहा. झोपण्यापूर्वीची दिवसात धरा, पहाटे उठल्यावरची पहिली रात्रीत. माझ्याकडे एक शेतकरी आजोबा यायचे, तीन औषधं घेऊन थकलेले. नातीच्या वहीत त्यांनी आकडे आणले : दिवसा ९०० मिली, रात्री ११००. तुमच्या वयात रात्रीचा वाटा चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नाही. त्या आजोबांच्या पायांत दिवसभर साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परतत होतं आणि रात्री लघवीवाटे निघत होतं. दुपारी तासभर पाय उशांवर ठेवणं, रात्रीच्या ताटातलं लोणचं-पापड बंद, नऊचा चहा बंद. महिन्याभरात ते दोनदाच उठू लागले.

तुमचे सुजलेले पाय वाचून मला तेच आठवलं. अम्लोडिपिननंही पाय सुजतात. ती गोळी स्वतःहून सोडू नका, पण रक्तदाबाच्या डॉक्टरांना सूज दाखवा. हृदय, मूत्रपिंड आणि साखर तपासून घ्या. मोठ्यानं घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही सांगा, त्यानंही रात्री लघवी वाढते.

वहीत उलट दिसलं, म्हणजे प्रत्येक वेळी जेमतेम ८०-१०० मिली आणि घाई अशी की थांबवत नाही, तर सोलिफेनासिनसारखं औषध जोडण्याचा विचार होतो. त्याआधी लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत पाहावंच लागतं. बरीच उरत असताना ही गोळी दिली तर लघवी पूर्ण अडकू शकते. शिवाय तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, उतारवयात विसरभोळेपणा वाढू शकतो. मिराबेग्रॉन हा दुसरा पर्याय, पण त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. रात्रीची लघवी घटवणारं डेस्मोप्रेसिनही आहे. साठी-सत्तरीत त्यानं रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं. सोडियम तपासल्याशिवाय आणि पुन्हापुन्हा तपासत राहिल्याशिवाय मी ते कुणाला देत नाही. पायांची सूज हृदयामुळे असेल तर मुळीच नाही.

टॅमसुलोसिननं उभं राहताना चक्कर येते. रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मोरीपर्यंतचा दिवा चालू ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या कॅप्सूलचं नाव आधीच सांगा. ड्युटास्टेराइडनं सहा महिन्यांत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेसाठी रक्तात पाहतात तो आकडा, साधारण निम्मा होतो, म्हणून अहवाल दाखवतानाही ते सांगा, नाहीतर वाढलेला आकडा साधा वाटेल. कॅप्सूल फुटली तर घरातल्या गरोदर बाईनं तिला हात लावू नये.

सर्दीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्यांनीही लघवी अडकते. पोट तटतटून लघवी मुळीच उतरत नसेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. एरवी तीन दिवसांची वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.