चर्चच्या दर्शनी भागाचे एकच जुने एचिंग दोन संग्रहालयांत दिसते. त्यातले मूळ कोणते, आणि वास्तूचा पुरावा म्हणून ते कितपत ग्राह्य धरावे?

आपण उल्लेख केलेले एचिंग, म्हणजे शार्ल मेरियाँ या फ्रेंच चित्रकाराने 1852 मध्ये केलेले पॅरिसच्या सेंत-एतिएन-द्यु-माँ चर्चचे चित्र, माझ्या अत्यंत आवडीचे आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधली, अशा दोन्ही प्रती मूळच आहेत. एचिंगसाठी तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात आणि मग पत्रा अम्लात ठेवतात; उघड्या पडलेल्या रेघेतले तांबे अम्ल जितका वेळ खाते तितकी ती खोल होते, आणि खोल रेघेत शाई जास्त मावत असल्याने कागदावर ती अधिक काळी उमटते. अशा एकाच पत्र्यावरून अनेक छाप काढता येतात, आणि कलाकृती म्हणून जे घडवायचे असते तो हा छापच, त्यामुळे त्याला नक्कल म्हणणे मला मुळीच पटत नाही. मात्र मेरियाँ छपाई सुरू झाल्यावरही पत्र्यात बदल करत असे, म्हणून दोन प्रती शेजारी ठेवल्या तर त्यांत फरक आढळू शकतो.

पुराव्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. छापताना चित्र उलटते. तरीही येथे चर्चसमोरच्या चौकात उभे राहिल्यावर दिसते तसेच पँथिऑन ही शेजारची भव्य स्मारकवास्तू उजवीकडे आहे, म्हणजे मेरियाँने पत्र्यावर सगळे दृश्य उलटे रेखाटले होते. 1610 साली पायाभरणी झालेल्या या दर्शनी भागातली एकावर एक चढलेली त्रिकोणी आणि कमानदार शीर्षे त्याने इतक्या संयमाने टिपली आहेत की वास्तूच्या अभ्यासकाने तपशिलासाठी त्यांचा आधार अवश्य घ्यावा. काळाच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. डावीकडची अंधारी इमारत आहे माँतेग्यू महाविद्यालयाची, जिथे एकेकाळी इरॅस्मस हा प्रसिद्ध विद्वान शिकला होता. ते पाडून त्या जागी बांधलेले सेंत-झनव्हिएव्ह ग्रंथालय 1851 मध्येच वाचकांसाठी खुले झाले होते. एचिंगवरच्या साली तिथे उभ्या असलेल्या माणसाला ही भिंत दिसलीच नसती. तिची गडद छाया डावीकडे असल्यामुळेच चर्चचा दगड एवढा उजळ वाटतो, आणि मेरियाँने ती का राखली असावी याचे उत्तर मला तरी तिथेच सापडते.

प्रतींची तुलना करायची असेल तर प्रत्येक संग्रहालयाच्या नोंदीत पत्र्याची कितवी अवस्था, म्हणजे बदलांचा कितवा टप्पा, दिली आहे ते आधी पाहावे आणि त्यानंतरच शाई व कागद यांकडे वळावे.