राजदूत भंगारात घालू का?

प्रश्न: काका नमस्कार, मी देवगडचा. बाबांची जुनी राजदूत मोटारसायकल आहे, बागेतून आंब्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत आणायला वापरतो. हल्ली दोन पेट्या बांधल्या तरी चढावर दम टाकते, धूर तर मरणाचा. मित्र म्हणतात डबडं भंगारात घाल, बाबा म्हणतात "बैल आसा तो, इकूचो नाय." बाबा पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओततात, जास्त घातलं की इंजिन टिकतं म्हणे. काय करू?

उत्तर: आधी बाबांच्या हातातला ऑइलचा डबा काढून घे आणि माप दे. 20 ला 1 म्हणजे पेट्रोलच्या लिटरला 50 मिली ऑइल, 25 ला 1 म्हणजे 40, तुझ्या इंजिनला कुठलं ते मेकॅनिकला विचार आणि तेवढंच घाल. जादा ऑइल जळत नाही नीट, त्याचाच धूर, त्यानेच प्लग काळा होतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन धरतो. मग आतला जळका गॅस बाहेर पडायला वाट नाही, गाडी सपाटीला बरी चालते आणि चढ आला की मेली. तुझं दुखणं हेच असणार बहुतेक. सायलेन्सर उतरवून आतली नळी काढ, बोटाएवढा काळा थर निघेल बघ. आमच्याकडे ती नळी अंगणाच्या कडेला नारळाच्या सोडणांच्या जाळात भाजून काढायचे, वास दोन दिवस जायचा नाही आणि आई शिव्या घालायची ते वेगळं.

आता बैल की डबडं. ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 पासून पोलंडच्या एसएचएल कंपनीच्या डिझाईनवर काढली, 175 सीसी, गिअर तीनच. टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दोनच चालींत काम उरकणारं इंजिन असल्याने क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला पॉवर मिळते आणि इंजिनात व्हॉल्व्हची भानगडच नाही, म्हणून वजनाच्या मानाने ओढते चांगली. पण बंद पडायची नाही असं कोणी सांगत असेल तर थापा आहेत, पडायची आणि भरपूर पडायची, फक्त पाना, पॉलिश पेपर आणि एक जादा प्लग खिशात असला की आंब्याच्या सावलीत बसून पॉईंट (प्लगला ठिणगी पाडणारे) घासून परत चालू व्हायची. नाव झालं ते त्याचं. मायलेजचं म्हणशील तर 1985 ला फोर-स्ट्रोक हिरो होंडा आली आणि तो विषयच संपला.

दोन गोष्टी मात्र आपल्या भागात जपायच्या. घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्ये घसरत येऊ नको, पेट्रोल बंद म्हणजे त्यातलं ऑइलही बंद, पिस्टन कोरडा पडून जाम होतो, मधेमधे जरा पीळ दे. आणि पावसाळ्यात चार महिने पडवीत उभी करून विसरू नको. खाली ऑइलची टाकी नसते ना हिला, बेअरिंगला पेट्रोलसोबत येतं तेवढंच ऑइल, खारी हवा लागली की गंज धरतो आणि गणपतीत किक मारलीस की खरखर ऐकू येते, मग पूर्ण इंजिन खोलायचा खर्च.

पैसे घालण्याआधी आरसी बघ. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी रिन्यू लागते, तीच संपलेली असेल तर आधी आरटीओ आणि मग गॅरेज. रोज पेट्या घेऊन गावाबाहेर जायचं असेल तर फोर-स्ट्रोक घे बाबा सरळ. बागेपासून रस्त्यापर्यंतच असेल तर हीच ठेव, या आठवड्यात सायलेन्सर काढ आणि चढावर काय करते ते मला कळव.