प्रश्न बीटलचा होता, गळती पॉलिसीत निघाली

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून सॉफ्टवेअर क्षेत्रात, एच-१बी व्हिसावर, कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. माझा पगार वर्षाला १,६५,००० डॉलर आहे, पत्नीला अर्धवेळ कामाचे ३०,००० मिळतात, मुलगी सहा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मी १४,००० डॉलरना १९६७ ची फोक्सवॅगन बीटल घेतली. आता ती लोअर करून (म्हणजे जमिनीपासूनची उंची कमी करून), १७७६ सीसीचे इंजिन बांधून रोज ऑफिसला न्यायची आणि जाता जाता मुलीला शाळेत सोडायचे, असा विचार आहे. इंजिन सध्या उत्तम चालते, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन ठीक आहे. गॅरेजने १६,००० डॉलर खर्च सांगितला आहे. २०१६ ची कोरोला मग विकून टाकू. हे पैसे घरावर ८.५ टक्क्यांनी कर्ज घेऊन उभे करावेत, की माझ्या विमा पॉलिसीवर कर्ज काढावे? पॉलिसी देणारे दादा म्हणतात की हे कर्ज करमुक्त असते आणि आपण आपलीच बँक होतो. तयार झालेली गाडी पुढे ४०,००० ला सहज जाईल, असे मला वाटते.

उत्तर : तुमच्या मूळ पत्राची दोन पाने गाडीवर आहेत आणि पॉलिसीवर जेमतेम दोन वाक्ये. त्या दोन वाक्यांमुळेच मी तुमच्याकडून पॉलिसीचे ताजे वार्षिक विवरणपत्र आणि गेल्या महिन्याची पगाराची पावती मागवून घेतली. ते दोन कागद वाचल्यावर, तुम्ही जे विचारलेले नाही त्याचे उत्तर आधी द्यावे लागत आहे. गाडीकडे मी येईनच, कारण तुमचा छंद मला उधळपट्टी वाटत नाही. पण १६,००० डॉलर कोठून आणावेत या विवंचनेत तुम्ही असताना त्याहून मोठी रक्कम तुमच्या हातून निघून गेली आहे आणि दर महिन्याला आणखी जात आहे.

पगाराच्या पावतीवर ४०१-के, म्हणजे नोकरीतून निवृत्तीसाठी पैसे साठवण्याचे खाते, या ओळीसमोर शून्य आहे. तुमची कंपनी पगाराच्या पहिल्या ४ टक्क्यांपर्यंत तुम्ही जितके भराल तितकेच स्वतःकडून घालते, म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षाला ६,६०० डॉलर. तीन वर्षांपूर्वी पॉलिसीचा दरमहा १,००० डॉलरचा हप्ता सुरू झाला, तेव्हा तो झेपावा म्हणून तुम्ही ४०१-के मध्ये भरणे बंद केले, असे तुम्हीच कळवले आहे. तीन वर्षांचे १९,८०० डॉलर झाले. तेवढ्यात बीटलचे सगळे काम होऊन वर वर्षभराचे पेट्रोल भरता आले असते. शिवाय वर्षाला जे १२,००० पॉलिसीत गेले ते ४०१-के मध्ये गेले असते, तर संघराज्याचा २२ टक्के आणि कॅलिफोर्नियाचा ९ टक्क्यांच्या आसपास मिळून दरवर्षी सुमारे ३,७०० डॉलरचा कर आज न देता निवृत्तीपर्यंत पुढे ढकलता आला असता. आणि पुढची २७ वर्षे कंपनीचा हा वाटा असाच सोडून दिलात, तर महागाईपेक्षा केवळ ४ टक्के अधिक परतावा धरला तरी आजच्या किमतीत तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम तुम्ही गमावलेली असेल. बीटल लोअर करावी की न करावी, या प्रश्नाचा आकार यापुढे फार लहान आहे.

आता पॉलिसी. तिचे नाव इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकावरून व्याज ठरणारे खाते एकत्र. विवरणपत्रानुसार तुम्ही आजवर ३६,००० डॉलर भरलेत, खात्यात २९,००० दिसतात आणि आज पॉलिसी सोडली तर हातात १७,५०० येतील. तुम्हाला सांगण्यात आले की शेअर बाजार पडला तरी तुमचे शून्याखाली जात नाही. ते अर्धेच सांगण्यात आले. शून्याची हमी केवळ जमा होणाऱ्या व्याजाला आहे. विम्याची किंमत, हप्त्यातून कापला जाणारा भाग आणि प्रशासकीय आकार बाजार कसाही असला तरी दर महिन्याला खात्यातून जातातच, आणि विम्याची किंमत वयाबरोबर वाढत जाते. वरच्या बाजूला मात्र तुमच्या पॉलिसीत ९ टक्क्यांची मर्यादा आहे. एस अँड पी ५०० हा निर्देशांक २०२३ मध्ये सुमारे २४ आणि २०२४ मध्ये सुमारे २३ टक्के वाढला, तोही लाभांश न धरता; तुमच्या खात्यात दोन्ही वेळा ९ टक्के जमा झाले. इतकी चांगली वर्षे मिळूनही खात्यातली रक्कम भरलेल्या पैशांपेक्षा ७,००० नी कमी असेल, तर मधली वर्षे साधी गेल्यावर काय होईल, याचा हिशेब तुम्हाला कोणी दाखवला नाही.

खरे तर तो दाखवलेला आहे, फक्त तुमचे बोट त्यावर कोणी ठेवले नाही. पॉलिसी घेताना मिळालेल्या तक्त्याचे चौथे पान काढा. उजवीकडच्या रकान्यांत दरवर्षी ७ टक्के धरून साठाव्या वर्षी लाखो डॉलर दिसतात. डावीकडे 'हमी' असे लिहिलेला एक अरुंद रकाना आहे आणि त्यात तुमच्या वयाच्या ६१ व्या वर्षासमोर शून्य आहे, त्याखाली पुढे सगळी शून्येच आहेत. कंपनीने लेखी पत्करलेले एवढेच आहे. उजवीकडचा भाग ही केवळ आशा आहे. अशी पॉलिसी विकणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या हप्त्यातील फार मोठा भाग कमिशन म्हणून मिळतो. मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतरच्या जेवणाला शेजारी बसून, मुलीच्या शिक्षणाची चौकशी करत करत हे उत्पादन तुमच्या गळ्यात घातले गेले, याचा मला मनापासून राग येतो. कारण परक्या देशात आपल्या माणसाने आपल्या भाषेत सांगितलेल्या गोष्टीची पडताळणी करणे आपल्याला अपमान केल्यासारखे वाटते, आणि नेमक्या त्याच संकोचावर ही विक्री चालते.

एवढे मोजून विमा तरी पुरेसा आहे का? तो पाच लाखांचा आहे. तुमच्या घराचा खर्च महिना ७,८०० म्हणजे वर्षाला जवळपास ९४,०००. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर ही रक्कम पाच वर्षे आणि काही महिने पुरेल, तेव्हा मुलगी अकरा वर्षांची असेल. वीस वर्षांचा, दहा लाख डॉलरचा साधा मुदत विमा तुमच्या वयाच्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाला महिना साठ-सत्तर डॉलरच्या आसपास मिळायला हवा. तो आधी घ्या. वैद्यकीय तपासणी होऊन नवी पॉलिसी लागू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका. आणि तपासणीत मधुमेहासारखे काही निघून विमा नाकारला गेला किंवा फार महाग पडला, तर जुनी सोडण्याचा निर्णय थांबवून मला पुन्हा लिहा. सर्व सुरळीत झाले तर जुनी पॉलिसी सरेंडर करून १७,५०० घ्या. यात १८,५०० बुडतात आणि अशा तोट्यावर करात वजावटही मिळत नाही. हे वाचताना तुम्हाला वाईट वाटेल, पण ते पैसे पॉलिसी ठेवल्याने परत येणार नाहीत.

यामुळे तुमच्या मूळ प्रश्नातले दोन्ही पर्याय बाद होतात. जिची सरेंडर किंमत १७,५०० आहे, तिच्यावर १५-१६ हजारांचे कर्ज काढले तर मागे इतके थोडे उरते की दरमहाचे आकार आणि कर्जाचे व्याज मिळून पॉलिसी कधी कोसळेल सांगता येणार नाही; स्वतःचेच पैसे व्याज देऊन वापरण्याला बँक होणे म्हणत नाहीत. घरावरच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे १,३५० डॉलर होईल आणि पैसा घराच्या सुधारणेला वापरलेला नसल्याने त्यावर करसवलत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की तुमच्याकडे बचत केवळ ९,००० आहे. नोकरी गेली तर एच-१बी धारकाला नवी नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि तुमची बचत ३५ दिवसांची आहे. अशा स्थितीत राहत्या घरावर आणखी एक बोजा चढवू नये.

आता बीटल. तुम्ही निवडलेले वर्ष रोजच्या वापराला चांगले आहे, कारण अमेरिकेत विकल्या गेलेल्या बीटलला १९६७ मध्येच १२ व्होल्टची वीजव्यवस्था आणि दोन स्वतंत्र मंडलांचे ब्रेक आले. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग (धुराच्या प्रदूषणाची) तपासणी नाही. लोअर करण्याला कायद्याची मर्यादा अशी आहे की चाके सोडून गाडीचा कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या जवळ येता कामा नये. गॅरेजच्या अंदाजात पुढचा समायोज्य बीम, मागच्या प्लेटा, आखूड शॉक ॲब्सॉर्बर आणि मजुरी यांचे ३,८०० आहेत, पुढच्या डिस्क ब्रेकचे १,६००, चाके आणि टायरचे २,१००, आसनांचे २,००० आणि इंजिनाचे ६,५००.

यातले इंजिन मी पूर्णपणे काढून टाकतो. १४९३ सीसीचे, ५३ अश्वशक्तीचे तुमचे इंजिन धडधाकट आहे. १७७६ साठी ९०.५ मिलिमीटरचे सिलिंडर बसवायचे तर क्रँककेस आणि हेड दोन्ही कापून मोठी करावी लागतात, म्हणजे मूळ धातू कायमचा जातो. शिवाय अधिक ताकदीबरोबर अधिक उष्णता येते. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनात, तुमच्या सालच्या रचनेनुसार, तेलाचा कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेतच उभा आहे, त्यामुळे तो सिलिंडर आधीच इतरांपेक्षा तापतो. ऑफिसच्या अकरा मैलांच्या गर्दीत ही ताकद वापरायला जागा नाही. चालत्या इंजिनावर ६,५०० घालणे म्हणजे न दुखणारा दात काढण्यासारखे आहे.

लोअर करण्याला माझा विरोध नाही, मात्र ते माफक असावे. बीटलच्या मागच्या टॉर्शन बारला (पिळाने स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईला) आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात. एक टोक एक दाता एका बाजूला आणि दुसरे उलट बाजूला फिरवले की कोन एक अंशाहूनही कमी बदलतो, इतक्या बारकाईने उंची ठरवता येते. त्यामुळे खर्च येतो तो मजुरीचा आणि संयमाचा, महागड्या भागांचा नव्हे. परंतु तुमच्या गाडीला मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे आसाचा प्रत्येक अर्धा भाग चाकासह आतल्या टोकाभोवती वरखाली झुलतो. मागची बाजू जितकी खाली जाईल तितकी चाके वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. माझ्या एका अशिलाच्या अशाच गाडीखाली मी वाकून पाहिले होते: बाहेरून टायरची नक्षी नव्यासारखी, आणि आतल्या कडेला रबर संपून धागे दिसत होते. रोज चालणाऱ्या गाडीत ही झीज हा दरवर्षीचा खर्च आहे. त्यात कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे दर ३,००० मैलांना तेल बदलणे आणि ठरावीक काळाने व्हॉल्व्हचे अंतर लावणे मिळवा. या इंजिनात अडीच लिटर तेल आणि एक जाळी असते, आजच्यासारखा फिल्टर नसतो, म्हणून हे टाळता येत नाही. वर्षाला ८,००० मैल धरल्यास मी देखभालीसाठी किमान २,००० डॉलर बाजूला काढायला सांगेन.

विम्याची एक बाब तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. तुमचा सध्याचा वाहन विमा क्लासिक गाडीचा, ठरलेल्या किमतीचा आहे, आणि अशा विम्यात रोज ऑफिसला जाणे सहसा वर्ज्य असते. रोज चालवायची तर साधा विमा घ्यावा लागेल, आणि तो साठ वर्षांच्या गाडीची बाजारभावाने उरलेली किंमत देतो. बसवलेल्या वस्तू वेगळ्या नोंदवल्या नाहीत तर त्यांचे काहीच नाही. कामाला हात लावण्यापूर्वी कंपनीकडून हे लेखी मागवा. ४०,००० ला विकण्याची आशाही सोडून द्या. बदललेली गाडी एका माणसाच्या आवडीची असते, तीच आवड असलेला दुसरा माणूस शोधावा लागतो, आणि मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी अधिक पैसे मोजणारा ग्राहक ती पाहून परत जातो. चौदा आणि सोळा मिळून तीस हजार घातल्यावर वीस मिळाले तरी मी ते चांगले मानेन. तुम्हाला ती चालवण्यात आनंद आहे, तो या खर्चाचा पुरेसा हेतू आहे. त्याला गुंतवणूक म्हणू नका.

मग क्रम असा लावा. सरेंडरच्या १७,५०० पैकी १४,००० बचतीत टाका, म्हणजे एकूण २३,००० होऊन जवळपास तीन महिन्यांचा खर्च हाताशी राहील. उरलेल्या ३,५०० मधून डिस्क ब्रेक, पुढच्या दोन्ही आसनांना तीन टोकांचे पट्टे, चांगले टायर आणि सर्व इंधननळ्या नव्या करा. तापलेल्या इंजिनावर चिरलेली नळी गळून आग लागणे हा या गाड्यांचा जुना आजार आहे आणि नळ्यांची किंमत फारच थोडी आहे. ४०१-के पुढच्याच पगारापासून ८ टक्क्यांवर सुरू करा. महिना १,१०० जातील, पण करामुळे हातातले सुमारे ७६० च कमी होतील. हप्त्याचे १,००० वाचतात, मुदत विम्याला ६५ गेले, तरी १७५ उरतात, तो गाडीच्या देखभालीचा निधी. लोअर करण्याचे ३,८०० मार्चच्या बोनसमधून द्या; आसने त्याच्या पुढच्या वर्षी.

कोरोला मात्र विकू नका. आठ वर्षांखालील मुलाला कॅलिफोर्नियात मागच्या आसनावर, बालआसनात किंवा बूस्टरवर (मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीवर) बसवावे लागते. बूस्टरला खांद्यावरून जाणारा पट्टा लागतो आणि तुमच्या बीटलच्या मागच्या आसनाला तो मुळातच नाही. जाणकार कारागिराने छताच्या खांबात मजबुती देऊन तो बसवेपर्यंत मुलीला शाळेत कोरोलाने सोडा, आणि बीटल ऑफिसच्या अकरा मैलांना वापरायची असेल तर सकाळी पंधरा मिनिटे लवकर उठून घरी येऊन गाडी बदला.