मोच्याकडून सीटबेल्ट शिवून घेऊ का?

प्रश्न: नमस्कार, वडिलांची 1976 ची प्रीमियर पद्मिनी घरीच रिस्टोर करतोय. पुढचे बेल्ट बाबांनी 1995 च्या सुमाराला बाहेरून बसवून घेतलेले, आता कडेचे दोरे निघालेत आणि ड्रायव्हरचा तर ओढला की परत आतच जात नाही. मेकॅनिक म्हणतो मोच्याकडून डबल शिलाई मारून घ्या, वीस वर्षं बघायला नको. घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर: अजिबात नको. मोच्याच्या हाताला नाव ठेवत नाही, पण पट्ट्याचं पॉलिस्टर इतकी वर्षं ऊन खाऊन कमजोर झालेलं असतं आणि सुई जिथे जिथे जाईल तिथे आणखी धागे तुटतात. आत न जाणारा बेल्ट कधीकधी नुसता मळलेला असतो, पूर्ण ओढून चिमटा लावायचा, कोमट साबणाच्या पाण्याने पुसायचा, सावलीत वाळवायचा, की जातो. पण तुमचे दोरेच निघालेत म्हटल्यावर दोन्ही बदला. नव्याच्या लेबलवर गोलात इंग्रजी E (मान्यतेची खूण) आहे का बघून घ्या.

खरी भानगड बेल्ट गाडीच्या पत्र्याला धरणाऱ्या बोल्टची आहे. माझ्या फियाटचा जुना बेल्ट काढताना पाना लावायच्या आधीच खालचा बोल्ट हातात आला, सोबत रुपयाएवढा गंजका पत्रा! म्हणून आधी मॅट उचला, टोच्याने ठोकून बघा, पत्रा कुजला असेल तर चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्या आणि खालून तळहाताएवढी 3 मिमी जाडीची प्लेट द्या, नुसत्या वॉशरवर भागवू नका, धक्क्यात तो पत्र्यातून आरपार येतो. बोल्ट 7/16 इंची, बारीक आट्यांचा लागतो. दुकानदार 12 मिमीचा देऊन "बसतो हो" म्हणेल, तो एखादा आटा चढून अडतो आणि मग पोरगं पान्यावर उभं राहून नटाचे आटे घालवतं.

बेल्ट अडकवायचा वरचा पॉइंट खांद्याच्या खाली नको, ठोकर बसली की पट्टा मणक्यावर दाब देतो. पट्टा गुंडाळणारं रीळ कंपनीने सांगितलेल्या कोनातच बसवा, तिरकं बसलं तर सपाट रस्त्यावरही लॉक होतं, खंबाटकी घाट तर विसराच.

पुढचे बेल्ट नव्या गाड्यांना सक्तीचे झाले 1994 ला, म्हणजे तुमची गाडी त्याआधीची, पण बाबांनी हौसेने बसवलेत तर नीटच बसवा ना.

आणि हो, जुने भंगारात देताना मधोमध कापून द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये दिसतील.