२३० व्होल्टचा पुरवठा सुरू आहे की बंद, हे ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला सुरक्षितपणे कसे कळवावे?

मध्ये पीसी८१४ सारखा, एसी इनपुटसाठीच बनवलेला ऑप्टोकपलर घालावा आणि पुरवठ्याकडची एकही तार, न्यूट्रलसुद्धा, ईएसपी३२ च्या ग्राउंडला जोडू नये. या चिपमध्ये दोन बाजूंचा दुवा केवळ प्रकाशाचा असतो आणि डेटाशीटनुसार हे विलगीकरण ५,००० व्होल्ट सहन करते. फेजच्या तारेत १०० किलोओहमचे, अर्ध्या वॉटचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ लावावेत. त्यांतून जाणारा सुमारे १.१५ मिलिअँपिअर प्रवाह आतल्या एलईडीला पुरतो. दोन अशासाठी की २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि पाव वॉटच्या नेहमीच्या रेझिस्टरची मर्यादा बहुधा २५० व्होल्टच असते. वॉटचा हिशेब सगळे करतात, व्होल्टचा राहून जातो. ऑप्टोकपलरचे आउटपुट ईएसपी३२ च्या पिनला जोडून तिथे ४७ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे एरवी पिन हाय (३.३ व्होल्टवर) ठेवणारा रेझिस्टर, ३.३ व्होल्टशी जोडला की वीज असताना पिन लो (शून्याजवळ) राहते, परंतु लाट शून्यावरून जाताना, म्हणजे ५० हर्ट्झला सेकंदातून १०० वेळा, ती क्षणभर हाय होते. म्हणून पिन सलग ३० मिलिसेकंद हाय दिसली तरच वीज गेली असे मानावे. जोडणी ब्रेडबोर्डवर मुळीच करू नये. पीसीबीवर दोन्ही बाजूंत किमान ६ मिलिमीटर अंतर ठेवून चिपखाली खाच पाडावी आणि फेजला फ्यूज घालावा. मात्र यातून वीज आहे की नाही एवढेच कळते. किती वॉट खर्च होतात हे मोजायचे असेल, तर करंट ट्रान्सफॉर्मरसह (तारेतला प्रवाह तिला न जोडता मोजणाऱ्या कड्यासह) मिळणारे पीझेम-००४टी सारखे तयार मॉड्यूल घ्यावे.